रोजच्या वाचनातील निवाडा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नित्यपाठ ही काही नवलाची वस्तू नव्हे. तुकोबांची पालखी ज्या वाटेने बारामतीहून निघून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी गावे मागे टाकीत सराटीला नीरेच्या काठी पोहोचते, त्या वाटेच्या दोन्ही अंगांना दिवेलागणीच्या वेळी हरिपाठ म्हणणारी, श्रावणात पारायणाला बसणारी आणि गाथेचे पान कपाळाला लावल्यावाचून न मिटणारी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. आणि कळस हे आमचे गाव त्या वाटेपासून फारसे लांब नाही. अशा मुलखात एखाद्या ख्रिस्ती घरात पहाटे, चूल पेटण्यापूर्वी, पवित्र शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचला जातो, या गोष्टीचे शेजाऱ्यांना कधी विशेष वाटले नाही. त्यांचीही पोथी आहे, एवढ्या एका समजुतीवर ते वाचन गावाच्या दिनक्रमात सामावून गेले. या भागात ख्रिस्ती समाज संख्येने अगदी थोडा आहे; परंतु पोथीपुढे बसणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे अशा समाजात तो राहत असल्यामुळे, आपण काय करीत आहो याचा खुलासा त्याला फारसा करावा लागला नाही.

खुलासा करावा लागतो तो आता, आणि तोही शेजाऱ्यांपुढे नव्हे तर आपल्याच मुलांपुढे. रोजच्या शास्त्रवाचनातून माणसाच्या हाती नेमके काय लागते, आणि जे लागते तो त्या ग्रंथाने दिलेला बोध असतो की वाचणाऱ्याने स्वतःच्याच मनातून काढून ग्रंथाच्या नावे मांडलेली इच्छा असते, हा प्रश्न कोणाही प्रामाणिक तरुणाला पडण्याजोगा आहे, आणि त्याला 'श्रद्धा ठेव म्हणजे कळेल' एवढे उत्तर देऊन वाटेला लावणे मला अप्रशस्त वाटते. माझे मत असे की, शास्त्रातून वैयक्तिक बोध मिळतो, निश्चित मिळतो. परंतु तो आपण शोधून काढीत नाही, तर आपण नेमाने, क्रमाने आणि आपल्या भाषेत त्या ग्रंथापुढे हजर राहिलो म्हणजे तो आपला शोध घेत येतो, आणि बहुधा आपल्याला नको असलेल्या ठिकाणीच गाठतो.

हे आरंभीच सांगून टाकण्याचे कारण, आज वाचनाची जी रीत सर्वांत सुलभ म्हणून रूढ होत आहे ती याच्या नेमकी उलट आहे. सकाळी भ्रमणध्वनीवर फुलांच्या चित्रासह एक वचन येते. ते बहुधा आश्वासनाचे असते, अभयाचे असते, भरभराटीचे असते. ते दहा ठिकाणी पाठवले की त्या दिवसाचे शास्त्रवाचन झाले, असे समाधान मिळते. आणखीही एक जुनी चाल आहे : डोळे मिटून पुस्तक उघडायचे, बोट ठेवायचे, आणि जे वचन बोटाखाली येईल तो आजचा कौल मानायचा. सुट्या वचनाची ही आवड केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरेव्हियन मंडळीने १७३१ पासून प्रत्येक दिवसाचे एक वचन चिठ्ठी काढून ठरवण्याचा आणि ते वर्षभरासाठी छापण्याचा परिपाठ ठेवला आहे, आणि तो आजतागायत अखंड चालू आहे. त्या मंडळीची तपश्चर्या मोठी, तिच्याविषयी मला आदरच आहे. शिवाय तिथे वचन व्यक्तीच्या इच्छेने निवडले जात नाही, आणि ते सगळ्या मंडळीने एकाच दिवशी मनात वागवायचे असते. आपल्याकडे मात्र चिठ्ठी गेली आणि केवळ आवड उरली. ज्याला शास्त्रातून नित्य आश्वासनच निवडायचे आहे, त्याला ते नित्य मिळेल, कारण त्या ग्रंथात आश्वासनांचा तोटा नाही. परंतु असा वाचक वर्षाच्या अखेरीस होता तिथेच असतो.

क्रमाने वाचणाऱ्याची गोष्ट निराळी. प्रॉटेस्टंट परंपरेतील पवित्र शास्त्राची पुस्तके सहासष्ट, अध्याय एक हजार एकशे एकोणनव्वद; रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात सारा ग्रंथ एकदा पुरा होतो. या प्रवासात वंशावळी लागतात, यज्ञवेदीची मापे लागतात, कुष्ठरोगाचे आणि ऋणमुक्तीचे निर्बंध लागतात, शापवचने लागतात, आणि ज्यात परमेश्वराचे नावही नाही असे एस्तेरचे सबंध पुस्तक लागते. यांतले पुष्कळसे वाचताना मन उचंबळून येत नाही. डोळे ओळींवरून जातात, एवढेच. पण वाचक त्या दिवशी स्वतःची निवड बाजूला ठेवून दुसऱ्याने नेमून दिलेल्या पाठापुढे बसलेला असतो, आणि ही जी नम्रता तिच्यावाचून पुढचा बोध संभवत नाही. रानात मान्ना पडत असे त्या प्रसंगी इस्राएल लोकांना जो नियम घालून दिला होता तो इथे लक्षात घेण्यासारखा आहे : ज्या दिवसाचा त्या दिवशी वेचायचा, उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. रोजच्या वाचनाची निकड मला यात दिसते. काल वाचताना जे उमगले त्याच्या शिदोरीवर आजचा दिवस काढता येत नाही.

आता हे सारे उपदेशाच्या भाषेत सांगण्यापेक्षा, जिच्या आयुष्यात ते प्रत्यक्ष घडले आणि जिचे कार्य आमच्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावला, डोळ्यांनी पाहता येते, त्या बाईंकडे वळणे अधिक श्रेयस्कर. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या मातेने लेकीला. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडे आणि त्या वाचनावर मिळेल त्यात गुजराण करी. म्हणजे ज्या वयात मुली भातुकली खेळतात त्या वयात या मुलीच्या जिभेवर भागवताचे श्लोक होते, आणि ग्रंथ हा रोज वाचायचा, मोठ्याने वाचायचा, पाठ होईपर्यंत वाचायचा असतो ही शिस्त तिच्या अंगी अगदी बाळपणीच मुरली होती. पुढे दुष्काळाने आईबाप आणि बहीण नेली, भावासह ती पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली, तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, विवाहानंतर सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली हे आपल्याला माहीत नाही, असे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे. कोणी उपदेशक समोर नव्हता, कोणी आग्रह केलेला नव्हता. एका पुराणिकाच्या मुलीने सवयीने पुस्तक उचलले आणि सवयीने वाचायला घेतले. तिच्या पुढील आयुष्याचे बीज या सवयीत आहे असे मी मानतो, आणि म्हणून अनंतशास्त्री व लक्ष्मीबाई डोंगरे यांचे ऋण महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीने मोकळ्या मनाने कबूल करावे.

१८८२ साली पती निवर्तले, तान्ही मनोरमा पदरात घेऊन बाई पुण्याला आल्या, पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, आणि १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे नेले. समाजाने टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांना तिथे आश्रय होता आणि भगिनी त्यांची शुश्रूषा करीत होत्या. धर्मशास्त्रे कोळून प्यालेल्या या विदुषीने असे दृश्य आजवर कुठे पाहिले नव्हते. अशा स्त्रियांची सेवा तुम्ही का करता, असे तिने विचारले, तेव्हा त्यांपैकी एकीने काही मीमांसा न करता योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय तिला वाचून दाखवला : भर दुपारी विहिरीवर एकटीच पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, जिला गाव हिणवीत असावे अशी, आणि तिच्याशी प्यायला पाणी मागून बोलणारा, तिचे सारे गतायुष्य जाणूनही तिला न झिडकारणारा प्रवासी. तो अध्याय ऐकून त्या दिवशी रमाबाईंच्या मनात काय हालले हे त्यांनी आपल्या साक्षीत नमूद केले आहे. परंतु मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा हिशोब. १८८९ साली मुंबईला शारदासदन निघाले, पुढे ते पुण्यात आले, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणून केडगावच्या माळावर मुक्ती नावाचा आश्रम उभा राहिला, आणि त्या मुक्तीत समाजभ्रष्ट ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक वेगळे सदन निघाले, त्याचे नाव कृपासदन. अंध स्त्रियांच्या सदनाला नाव दिले बार्तीमीसदन. यरीहोच्या वाटेवर बसून हाका मारणारा बार्तीमय ज्याने मार्काच्या शुभवर्तमानात वाचला आहे त्याला हे नाव कुठून आले हे सांगायला नको. ऐकलेला एक अध्याय असा वर्षानुवर्षे मनात राहून अखेर दगडामातीच्या इमारतीत, धान्याच्या कोठारात आणि रोजच्या पंगतीत उतरतो, तेव्हा त्याला बोध म्हणावे. त्याखेरीज जे काही वाचताना वाटते ते भावना या सदरात जमा करावे आणि तिथेच राहू द्यावे.

केडगाव सोडून आता आमच्या शिवारात येतो, कारण शास्त्राचा बोध व्हायला सर्वांनाच इंग्लंडची वारी करावी लागत नाही. आमच्या एक आत्या होत्या, शाळा चार बुके शिकलेल्या, अक्षर लावून लावून वाचणाऱ्या. माघ महिन्यात शाळूची काढणी चालली असता त्यांचा नेमलेला पाठ लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायावर आला. शेताच्या कडेपर्यंत सारे पीक कापून घेऊ नये, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्यावा, असा तिथे निर्बंध आहे. तो त्यांनी अर्थातच त्याआधीही वाचलेला होता. पण त्या सकाळी बायका पात धरून उभ्या होत्या, विळे चालू होते, आणि बांधाकडची शेवटची पात बाकी होती. आत्या बांधावर गेल्या, 'एवढी राहू द्या' म्हणाल्या, आणि परतल्या. कारण विचारले तेव्हा, 'पुस्तकात आहे' यापलीकडे त्या बोलल्या नाहीत. ती पात कोणी खुडून नेली याची त्यांनी चौकशी केली नाही, आणि पुढे दर साली ती पात राहू लागली. हाच अध्याय आणखी काही ओळींनी, मोलकऱ्याची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये असेही बजावतो, आणि पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात तीच आज्ञा सूर्य मावळायच्या आत मजुरी द्यावी अशा शब्दांत पुन्हा येते. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्यांसह ज्या तालुक्यांत उतरतात, जिथे उचल, मुकादम आणि हिशोबाची वही हे शब्द सहा महिने कानावर पडत असतात, त्या तालुक्यांतल्या बागायतदाराने हे वाचायचे आणि नंतर निवांतपणे चहा घ्यायचा, हे रोज शक्य होत नाही. फुलांच्या चित्रासह येणाऱ्या वचनांत लेवीयाचे एकोणिसावे मी कधी पाहिले नाही.

पाण्याचेही तसेच. ब्रिटिश आमदानीत खोदलेल्या नीरा डाव्या कालव्याने या मुलखाचे रूप पालटले हे खरे, परंतु कालव्याचे पाणी ज्याच्या चारीला आधी पोहोचते तो आणि शेपटाकडचा यांच्यात पाळीवरून जे वाद होतात त्यांनी कित्येक घराण्यांची बोलाचाली बंद पाडली आहे. रात्री दारे धरायला गेलेली माणसे फावडी उगारून परतली आहेत, आणि फिर्यादी कोर्टात वर्षानुवर्षे लोंबत पडल्या आहेत. अशा वाचकापुढे उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय येतो. इसहाकाच्या बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती लोटून बुजवल्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या. जिवंत झरा लागला, तर गरारचे गुराखी 'हे पाणी आमचे' म्हणून भांडायला उठले. त्याने ती विहीर सोडली आणि दुसरी खणली. तिच्यावरूनही कलह झाला, तीही सोडली, आणि पुढे जाऊन तिसरी खणली, तिथे मात्र कोणी आडवे आले नाही. हक्क त्याचा होता, वहिवाट बापापासूनची होती, मनुष्यबळही होते. तरी त्याने दावा लावला नाही. या कथेतून प्रत्येकाने आपला हक्क सोडावा असा सरसकट नियम मी काढणार नाही. शेपटाकडच्या गरिबाला असा उपदेश करणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. परंतु ज्याच्यापाशी दुसरी विहीर खणण्याची ऐपत आहे त्याला तो अध्याय काय विचारतो हे त्याला एकट्याला ऐकू येते, आणि 'वैयक्तिक' या शब्दाचा मला समजलेला अर्थ एवढाच आहे. तोच अध्याय, तोच दिवस. पण समोर बसलेल्या दोघांना प्रश्न निरनिराळे.

आणि नाबोथाचा द्राक्षमळा. इंदापूर तालुक्यात द्राक्षाची आणि डाळिंबाची लागवड असल्यामुळे ही कथा इथे विशेष जवळची वाटते. अहाब राजाला राजवाड्यालगतचा मळा भाजीपाल्यासाठी हवा होता. त्याने रास्त किंमत देऊ केली, बदली दुसरा मळाही देऊ केला. नाबोथाने वडिलोपार्जित वतन म्हणून साफ नकार दिला. मग राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर केली, गावच्या वडीलधाऱ्यांकडे रवाना केली. दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, निर्दोष माणूस दगडांखाली गेला, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. पहिल्यांदा वाचताना प्रत्येक जण नाबोथाच्या बाजूचा असतो. ज्याची जमीन कोणी दाबली आहे तो तर आपलेच गाऱ्हाणे त्यात पाहतो. पुढे कधीतरी, आपल्या हाती थोडी सत्ता, थोडा पैसा आला म्हणजे, वाचक अहाबाशी अडखळतो. परंतु या प्रकरणाचे सर्वांत भेदक स्थळ मला कळायला पुष्कळ वर्षे लागली, आणि ते म्हणजे ज्यांची नावेही ग्रंथाने दिली नाहीत ते गावचे वडीलधारे. पत्र आले, मोहोर खरी दिसली, आणि त्यांनी सांगितल्याबरहुकूम केले. कोणाचाही हेवा नाही, कोणाशी वैर नाही, मळ्यात वाटाही नाही. केवळ वरून आलेल्या कागदापुढे मान तुकवणे. पंच म्हणून सही करणारे, मोजणीच्या वेळी बांधावर उभे राहून काही न बोलणारे, सातबाऱ्यावरच्या फेरफाराची खरी हकीकत ठाऊक असून कचेरीत मौन धरणारे जे आपण सर्व सज्जन, त्यांची जागा त्या कथेत नेमकी ती आहे. एकदाच वाचून हे दिसत नाही. वर्षाचा फेरा पुरा होऊन तोच अध्याय पुन्हा पुढे येतो तेव्हा ग्रंथ तोच असतो, वाचणारा मात्र वयाने, कर्माने, अपराधाने बदललेला असतो. म्हणून नेमाला महत्त्व.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येकाने आपापला बोध आपणच काढायचा म्हटले तर वाटेल तो मनुष्य वाटेल तो अर्थ काढील, आणि शास्त्राच्या नावाखाली स्वतःच्या लहरीचे समर्थन करील. इतिहासात असे झाले आहे. गुलामगिरीचे समर्थन शास्त्रवचनांनी करणारे ख्रिस्ती लोक होऊन गेले आहेत, आणि दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाला धर्माचा आधार देणारे धर्मपंडितही. हे नाकारणे लबाडीचे होईल. याचे उत्तर मला पुन्हा रमाबाईंच्याच चरित्रात सापडते. बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, आणि जो १९७७ साली ग्रंथरूपाने छापला गेला, त्यात या बाईंनी आपले मत कोणाही धर्माधिकाऱ्याच्या स्वाधीन करायला स्पष्ट नकार दिला आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालणार नाही, असा तो सूर आहे. परंतु ज्या बाईंनी असे स्वातंत्र्य मागितले त्यांनीच ते पेलण्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, संपूर्ण शास्त्र मुळातून तपासले, आणि आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे त्याचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ज्याला आपला अर्थ आपण लावायचा आहे त्याने इतके कष्ट करायची तयारी ठेवावी. सर्वांना हिब्रू येणार नाही हे उघड आहे. परंतु सबंध अध्याय वाचणे, मागचा-पुढचा संबंध पाहणे, आपल्याला प्रतिकूल असलेले वचन न गाळणे, आणि आपण काढलेला अर्थ मंडळीतील गरिबातल्या गरिबापुढे बोलून दाखवण्याचे धैर्य ठेवणे, इतके तरी सर्वांना शक्य आहे. मजुरापुढे बोलून दाखवता न येणारा मालकाचा बोध खोटा समजावा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेही उदाहरण याच ओघात येते. १८९३ साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासूनच्या डोंगरावरील प्रवचनाशी थांबले. ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या तीन अध्यायांचे काम तिथे संपले नाही. उद्याची चिंता करू नका, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, हे त्याच प्रवचनात आहे, आणि जवळजवळ पाव शतकानंतर, १९१७ साली, मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्याला देवाच्या दरबाराची उभारणी करायला निघालेले टिळक मला त्याच प्रवचनाचे वाचक दिसतात. त्यांच्यामागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुरे केले. ज्या बाईंना लग्नानंतर अक्षरओळख झाली त्यांनी ओवीछंदात ख्रिस्तचरित्र रचावे, हा पराक्रम 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लेखणीलाच शोभणारा. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक म्हणत. पालखीच्या वाटेवर राहणाऱ्या आम्हां लोकांना या म्हणण्याची सत्यता पटवून देण्याची गरज नाही.

आणि म्हणून भाषेचा मुद्दा मी अखेरीस, पण सर्वांत कळकळीने मांडतो. गोव्यात राशोल येथे १६१६ साली फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले तेव्हापासून, सेरामपूरला १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली सबंध नवा करार मराठीत निघाला तेव्हापासून, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करेपर्यंत, हा ग्रंथ मराठी माणसाच्या कानाला मराठीतच ऐकू यावा म्हणून पुष्कळांनी आयुष्ये वेचली. रमाबाईंनी आपले भाषांतर खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ऐकताक्षणी कळावे अशा बेताने केले. मुक्तीतल्या मुलींनी स्वतः खिळे जुळवले, स्वतः छापले. मुखपृष्ठावर कोणा परदेशी विद्वानाचे नाव घालण्याची वेळ आली नाही. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलात स्वतः बाई गेल्या, आणि १९२४ साली ग्रंथ लोकांच्या हाती आला. एका मराठी स्त्रीने एकटीने पुरे केलेल्या या कामाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जे चार ओळींचे स्थान मिळते ते अपुरे आहे, आणि ती कसर भरून काढण्याची जबाबदारी केवळ ख्रिस्ती लोकांची नाही.

ख्रिस्ती लोकांची जबाबदारी निराळी आहे. आमची मुले इंग्रजी शाळांत जातात, पुण्या-मुंबईला नोकऱ्या धरतात, उपासनेला इंग्रजी पुस्तक घेऊन बसतात; आजीची मराठी प्रत कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली असते, आणि वंदनीय म्हणून तिला कोणी हात लावीत नाही. मुलाला इंग्रजी समजते याविषयी वाद नाही. परंतु ज्या भाषेत घरी भांडण होते, ज्या भाषेत मजुराशी हिशोब होतो, ज्या भाषेत बांधावरची खोटी साक्ष दिली जाते, त्या भाषेत शास्त्र ऐकले नाही तर ते भांडणापर्यंत, हिशोबापर्यंत आणि साक्षीपर्यंत पोहोचत नाही. ते रविवारच्या कपड्यांबरोबर घडी करून ठेवले जाते.

तेव्हा बारामती-इंदापूरच्या, पुण्या-नगरच्या, आणि जिथे म्हणून मराठी ख्रिस्ती घर असेल तिथल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, मुलांपुढे शास्त्राच्या महतीचे व्याख्यान देऊ नये; संध्याकाळी जेवणापूर्वी मराठी प्रत काढावी आणि घरात सर्वांत लहान जो वाचता येणारा असेल त्याच्याकडे ती द्यावी. उच्चार चुकले तर चुकू द्यावेत, अर्थ सांगण्याची घाई करू नये, गाळून वाचू देऊ नये. आरंभ लूककृत शुभवर्तमानापासून करावा. त्याचे अध्याय चोवीस आहेत. रोज एक वाचला तर महिना भरायच्या आत ते पुरे होते.